बेळगावहून समुद्रावरचा सूर्यास्त टिपायला जाताना

दिनदर्शिकेच्या पानावर सूर्यास्ताची जी वेळ छापलेली असते ती बहुतेक वेळा मुंबईची असते, आणि बेळगावातही तीच दिनदर्शिका खिळ्याला टांगलेली असल्यामुळे आपल्यापैकी अनेकजण समुद्रावर जाण्याचा बेत नकळत मुंबईच्या सूर्यावर आखतात. डिसेंबरात ही चूक दोन-तीन मिनिटांपलीकडे जात नाही. जूनअखेरीस मात्र मुंबईचा सूर्य वेंगुर्ल्याच्या सूर्यापेक्षा आठ-दहा मिनिटे उशिरा मावळतो. सूर्याची तबकडी पाण्याला टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत आपल्या अक्षांशावर सव्वादोन ते अडीच मिनिटेच लागतात, हे लक्षात घेतले तर आठ मिनिटांचा हिशेब चुकणे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. उलट, बेळगावची वेळ ज्यांना ठाऊक आहे त्यांनी समुद्रावर तीन-चार मिनिटे जास्तीची धरावीत, कारण वेंगुर्ला आपल्यापेक्षा जवळजवळ एक अंश पश्चिमेला आहे आणि एका रेखांशाला चार मिनिटे हे शाळेतले गणित इथे तंतोतंत लागू पडते.

समुद्र दारात असलेल्या माणसाला यातले काहीही करण्याची गरज नसते. आजचे आकाश फसले तर तो उद्या पुन्हा चपला घालून किनाऱ्यावर जाऊ शकतो. आपल्याला मात्र एका सूर्यास्तासाठी घाट उतरावा लागतो, तीन-साडेतीन तासांचा प्रवास करावा लागतो आणि रात्री तोच घाट चढून परत यावे लागते किंवा मुक्कामाचा खर्च करावा लागतो. म्हणून बेळगावकराने छायाचित्राचा निम्माअधिक भाग घरी बसूनच काढावा, असे माझे मत आहे: वेळ, दिशा, पाणी आणि ढग या चार गोष्टींचा निकाल निघण्यापूर्वी लागला पाहिजे. कॅमेरा कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

वेळ आणि दिशा

आपल्या जवळच्या किनाऱ्यावर, म्हणजे वेंगुर्ल्यापासून गोव्यापर्यंत, मार्चच्या विषुवदिनाला सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, जूनअखेरीस सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास, तर सप्टेंबरच्या विषुवदिनाला साडेसहाच्या सुमारास. वर्षातला सर्वांत लवकरचा सूर्यास्त २१ डिसेंबरला होतो, असा बहुतेकांचा समज असतो, पण तो होतो नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, सहाच्या ठोक्याला. डिसेंबरच्या २१ तारखेपर्यंत तो सहा वाजून दहा मिनिटांकडे सरकलेला असतो आणि जानेवारीच्या मध्यावर सहा वीस उलटून गेलेले असतात. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण गणपतीच्या दिवसांतल्या साडेसहाच्या अंदाजाने निघालेला माणूस दिवाळीत पोहोचतो तेव्हा सूर्य बुडालेला असतो.

दिशेचे प्रकरण वेळेपेक्षा अवघड आहे आणि त्याकडे दुर्लक्षही जास्त होते. सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो तो केवळ दोन विषुवदिनांच्या आसपास. जूनमध्ये तो पश्चिमेच्या उत्तरेला सुमारे २४ अंश आणि डिसेंबरमध्ये दक्षिणेला तितकाच सरकतो. हात ताणून डोळ्यांसमोर मूठ धरली तर ती साधारण १० अंश व्यापते. म्हणजे वर्षभरात मावळतीची जागा क्षितिजावर जवळजवळ पाच मुठी इकडून तिकडे फिरते. लांबलचक सरळ किनाऱ्यावर याने फारसे बिघडत नाही. दोन टेकड्यांच्या कुशीतल्या छोट्या पुळणीवर मात्र सारा खेळ यावरच ठरतो.

एका जानेवारीत मी अशाच एका पुळणीवर गेलो होतो. आदल्या उन्हाळ्यात तिथे सूर्य पाण्यात बुडताना पाहिला होता, त्यामुळे मनात शंका नव्हती. प्रत्यक्षात साडेपाच वाजता सूर्य दक्षिणेकडच्या टेकडीच्या माथ्यावर आला आणि पुढच्या वीस मिनिटांत झाडांमागे गेला. पुळण सावलीत, समोरचा समुद्र फिका करडा, आणि टेकडीपलीकडे कुठेतरी उत्तम सूर्यास्त चाललेला. घरी आल्यावर मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक संगणकाच्या पडद्यावरील नकाशावर ठेवला, पश्चिमेकडून दक्षिणेला २४ अंशांची रेघ बोटाने ओढली, आणि ती रेघ सरळ टेकडीच्या पोटातून गेली. हे काम दोन मिनिटांचे होते, ते निघण्यापूर्वी करायला हवे होते. आता सूर्याची दिशा नकाशावर दाखवणारी मोबाइल ॲप्स सहज मिळतात आणि ती वापरावीतच; पण कोनमापक ठेवून एकदा स्वतः पाहिले की मग कुठल्या महिन्यात कुठली पुळण टाळायची, हे डोक्यात पक्के बसते.

तिथी आणि पाणी

आता पंचांगाचा खरा उपयोग. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. कृष्ण पक्षात पुन्हा एकपासून मोजायचे. हा हिशेब मुंबईकडच्या पाण्याला अधिक जुळतो. आपल्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर पाणी थोडे आधी चढते. तरीही बेत आखण्यापुरता तो पुरेसा आहे, आणि त्यातून छायाचित्रकाराच्या दृष्टीने एक मोलाची गोष्ट हाती लागते. पौर्णिमा आणि अमावास्या या दोन्ही वेळी भरती दुपारी बाराच्या आसपास येऊन जाते, म्हणजे संध्याकाळी पाच-सहाला पाणी पार ओसरलेले असते. आणि त्या दिवसांत उधाण असल्याने ओहोटीही तितकीच खोल असते. अष्टमीच्या आसपास याच्या उलट, सूर्यास्ताला पाणी वर आलेले असते, मात्र भांगाचे, म्हणजे कमी चढउताराचे, असल्यामुळे फार वर नसते.

दोहोंपैकी काय हवे, ते आपण ठरवावे. उधाणाच्या वेळी आपल्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटी यांत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो, आणि सपाट पुळणीवर दोन मीटर उंचीचे पाणी उतरले की ओल्या वाळूचा फार मोठा पट्टा उघडा पडतो. तो आरशासारखा असतो. लाट परत फिरल्यावर वाळूवर पाण्याचा जो पातळ थर राहतो, त्यात आकाशाचा रंग पूर्ण उतरतो, पण दोन-तीन सेकंदच. मग पाणी मुरते, चकाकी जाते आणि नुसती तपकिरी वाळू उरते. म्हणून लाट येताना नव्हे तर ती मागे सरू लागल्यावर बटण दाबावे. याच ओहोटीच्या वाळूवर छोट्या खेकड्यांनी मोहरीएवढ्या गोळ्यांची जी नक्षी काढलेली असते, ती कॅमेरा गुडघ्याच्याही खाली आणून तिरप्या प्रकाशात टिपली तर एरवी रिकामा वाटणारा चित्राचा खालचा भाग एकदम जिवंत होतो. खडकाळ जागी मात्र मला मध्यम पाणी आवडते, कारण पाणी पार उतरले की खडक नुसते काळे ढिगारे दिसतात आणि त्यांच्यातून वाहणाऱ्या पाण्याच्या रेघा मिळत नाहीत.

माझी सर्वांत आवडती तिथी मात्र शुद्ध द्वितीया. त्या दिवशी सूर्य गेल्यावर पश्चिमेला, मावळतीच्या जागेच्या वर, चंद्राची कोर काही वेळ दिसते. भरती दुपारी दीडच्या आसपास होऊन गेलेली असल्यामुळे सूर्यास्ताला पाणी उतरणीला लागलेले असते आणि वाळू ओली राहते. कार्तिकातली शुद्ध द्वितीया म्हणजे भाऊबीज: पावसाने धुतलेली हवा, सुट्टीचे दिवस, मावळतीच्या किंचित डावीकडे झुकलेली कोर. छायाचित्रणाच्या दृष्टीने वर्षातली याहून चांगली संध्याकाळ मला माहीत नाही, आणि दर वर्षी ती ओवाळणीच्या ताटाशी भांडते. आमच्या घरी यावर तोडगा निघाला आहे, ओवाळणी सकाळी नऊला होते. पण बहिणीचे तोंड त्या दिवशी संध्याकाळपर्यंत फुगलेले असते, हेही सांगितले पाहिजे. ज्यांना हे जमण्यासारखे नाही त्यांनी मार्गशीर्षातली द्वितीया धरावी.

पाऊणपटीचा हिशेब बेतासाठी आहे, जिवासाठी नाही. ज्या दिवशी जायचे त्या दिवशीचे भरती-ओहोटीचे नेमके अंदाज आणि उंच लाटांचे इशारे हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था देते. खडकावर उतरणार असाल तर ते पाहूनच निघावे.

ढगांविषयी

निरभ्र आकाशातला सूर्यास्त दिसायला सुंदर असतो आणि चित्रात बहुधा कंटाळवाणा येतो. रंग चढतो तो उंचावरच्या पातळ, पिंजलेल्या कापसासारख्या ढगांवर, कारण क्षितिजाखाली गेलेल्या सूर्याचा प्रकाश त्यांच्या तळाला खालून लागतो. अट एकच, की पश्चिमेच्या क्षितिजावर फट हवी. बेळगावच्या आकाशावरून याचा अंदाज बांधू नये. परतीच्या पावसाच्या दिवसांत ढग घाटमाथ्यावर अडून बसतात, जांबोटी-कणकुंबीकडे अंधारून आलेले असते आणि त्याच वेळी किनाऱ्यावर स्वच्छ ऊन असते. हवामान खात्याच्या संकेतस्थळावरील उपग्रहाचे चित्र सकाळी एकदा आणि दुपारी एकदा पाहावे, आणि त्यात किनाऱ्यावरचे ढग न पाहता किनाऱ्याच्या पश्चिमेचा समुद्र पाहावा, कारण मावळत्या सूर्याचे किरण तिकडून येणार असतात.

ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ सर्वांत चांगला. फेब्रुवारीनंतर क्षितिजावर धुरकट थर साचतो, सूर्य तांबड्या नाण्यासारखा होतो आणि पाण्याला टेकण्यापूर्वीच त्या थरात विरून जातो. अशा दिवसांत लांब पल्ल्याची लेन्स लावून तबकडीच टिपावी, आकाशाच्या रंगांची आशा करू नये. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. या काळात क्वचित एखाद्या संध्याकाळी पश्चिमेला फट पडून असा काही जाळ पेटतो, की वर्षभराची चित्रे त्यापुढे फिकी पडतात. पण त्या भरवशावर घाट उतरणे हा जुगार आहे आणि मी तो चार वेळा हरलो आहे.

कुठे जावे

बेळगाव–वेंगुर्ला हा रस्ता शिनोळी, चंदगड तालुका आणि आंबोलीवरून जातो. इंग्रजांच्या काळात वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलेला माल बेळगावच्या छावणीपर्यंत आणण्यासाठी या वाटेचा उपयोग होई. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. वेंगुर्ल्यातच बंदराचा धक्का, दीपगृहाची टेकडी आणि पलीकडे सागरेश्वराची लांबलचक पुळण असे तीन निरनिराळे प्रकार जवळजवळ मिळत असल्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हेच ठिकाण सुचवतो. शिरोड्याच्या वेळागरला सुरूची बने आहेत. त्या झाडांच्या खोडांमधून समुद्राकडे पाहिले की उभ्या काळ्या रेघा आणि मागे केशरी पट्टी अशी सोपी, भरवशाची चौकट मिळते.

गोव्याला जांबोटी-चोर्ला मार्गे जाता येते. हरमलला खडक आहेत, वागातोरला खडकही आहेत आणि वर शापोरा किल्ल्याची टेकडीही आहे. दोन्हीकडे गर्दी असते, विशेषतः डिसेंबरअखेरीस, तेव्हा वाहन लावायला जागा शोधण्यातच सूर्य जाईल. कारवारचे अंतर अधिक, रामनगर, जोयडा आणि अणशी घाट असा तो रस्ता. सीमाभागाच्या घोषणेत बेळगावच्या पाठोपाठ कारवार येते, रस्त्याने मात्र ते दीडशे किलोमीटरहून दूर आहे. तिथे समोर कूर्मगड आणि दीपगृहाचे बेट असल्यामुळे क्षितिज मोकळे नसते, आणि मला ते आवडते, कारण नुसत्या पाण्याच्या रेषेपेक्षा बेटाच्या काळ्या पाठीवर उतरणारा सूर्य चित्राला वजन देतो. कारवारच्या दक्षिणेला नौदलाचा तळ आहे. त्या बाजूला कॅमेरा रोखू नये आणि ड्रोन तर घरीच ठेवावा.

एस.टी.ने जाणाऱ्यांनी परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आधी विचारून घ्यावी, आणि सीमेवर काही तणाव झाला की दोन्हीकडच्या गाड्या थांबतात, हा अनुभव असल्याने त्या दिवसांत बेत पुढे ढकलावा.

त्याआधी सराव मात्र घराजवळ करावा. येळ्ळूरचा राजहंसगड किंवा राकसकोपचा जलाशय यांवरून दिसणारा सूर्यास्त समुद्रावरच्या सूर्यास्ताच्याच दिशेला होतो, आणि कॅमेऱ्याची बटणे अंधारात चाचपण्याची सवय तिथे करून घेतली तर वेंगुर्ल्यात वेळ जात नाही. जलाशयावर पाण्यातले प्रतिबिंबही मिळते.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर

सूर्यास्ताच्या सव्वा तास आधी जागेवर असावे. पहिले काम कॅमेरा काढणे नव्हे. आपण समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवरच्या कोरड्या हवेतून येतो, वाटेत गाडीत एसी चालू असतो, आणि बर्फासारखी थंड लेन्स दमट खाऱ्या वाऱ्यात उघडली की तिच्यावर क्षणात वाफ धरते. ती पुसली तरी पुन्हा धरते. एकदा सावंतवाडीपर्यंत एसीसमोर ठेवलेली बॅग मी सूर्य टेकायला दहा मिनिटे असताना उघडली आणि त्या दिवशीची सारी चित्रे दुधात बुडवल्यासारखी आली. आता घाट संपला की एसी बंद करून काचा खाली करायच्या आणि पोहोचल्यावर बॅग बंदच ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्यायची, हा नियम आहे.

तेवढा वेळ जागा शोधण्यासाठी लागतोच. सूर्य किती वेळात टेकेल हे पाहायला हात पूर्ण ताणून चार बोटे क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये आडवी धरावीत. इंटरनेटवर चार बोटे म्हणजे एक तास असे वाचायला मिळते. ते थंड प्रदेशातल्या तिरप्या उतरणाऱ्या सूर्यासाठी असेल. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली येतो, आणि चार बोटे म्हणजे अर्धा तासच.

मग पुढच्या भागाचा विचार. समुद्र, आकाश आणि सूर्य एवढेच असलेले चित्र पाहणाऱ्याला कुठेही घेऊन जात नाही. होडी, खडक, जाळ्याचा ढीग, एखादा माणूस, काहीतरी हवे. हे आणि सूर्य एका ओळीत आणायचे तर आपणच चालायचे असते. होडी सूर्याच्या उजवीकडे दिसत असेल तर आपण उजवीकडे सरकावे, म्हणजे सूर्य आपल्याबरोबर उजवीकडे येतो आणि होडीच्या मागे जाऊन बसतो. सूर्य मोठा दिसावा असे वाटत असेल तर लांबून टिपावे, त्याचेही गणित सोपे आहे: एखादी वस्तू तिच्या रुंदीच्या सुमारे ११० पट अंतरावर असली की ती सूर्याच्या तबकडीएवढी दिसते. सहा मीटरची होडी साडेसहाशे मीटरांवर असेल तर ती बरोबर तबकडीत मावते. तीच होडी पन्नास मीटरांवरून घेतली तर सूर्य तिच्यापुढे बिंदीएवढा राहतो. लांबून टिपण्यासाठी २०० किंवा ३०० मिलिमीटरची लेन्स लागते. मात्र सूर्य प्रखर असताना अशी लेन्स लावून कॅमेऱ्याच्या काचेच्या खिडकीतून त्याच्याकडे मुळीच पाहू नये, डोळा जाईल. मागच्या पडद्यावर पाहावे, आणि तेही थोडा वेळ.

वेंगुर्ल्यात किंवा शिरोड्याला कधी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढताना दिसते. वीस-पंचवीस माणसे दोन दोरांना लागलेली, पाठी वाकलेल्या, पाय वाळूत रुतलेले. मागे सूर्य असेल तर नुसत्या आकृत्या उठून दिसतात. तिथे दोर ओलांडू नये आणि जाळ्यावर पाय देऊ नये. आधी जवळ जाऊन विचारावे. "खंयसून इलात?" असा उलट प्रश्न येतो, बेळगाव म्हटले की कोणीतरी कुंद्याचा विषय काढतो, आणि मग हवी तितकी चित्रे काढता येतात. हीच माणसे आज पाणी कुठवर येईल हे कोणत्याही तक्त्यापेक्षा अचूक सांगतात.

कॅमेरा आणि मोबाइल

कॅमेऱ्याची स्वयंचलित मोजणी सूर्याला पाहून गोंधळते. सूर्य चौकटीत ठेवून मोजले तर बाकी सारे काळे होते, वाळूवर मोजले तर आकाश पांढरे पडते. सूर्याच्या बाजूचे आकाश, सूर्य वगळून, चौकटीत घ्यावे, त्यावर प्रकाश मोजावा आणि ती मापे कायम ठेवून मग हवी ती चौकट बांधावी. सुरुवातीच्या अंदाजासाठी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि एफ/८ (लेन्सच्या छिद्राचे माप) ठेवावे: सूर्य बोटभर वर असताना शटर सेकंदाच्या २५०व्या ते ५००व्या भागावर, सूर्यास्तानंतर दहा मिनिटांनी आठव्या ते पंधराव्या भागावर, आणि वीस मिनिटांनी सुमारे एक सेकंद. ही मापे ढगांप्रमाणे बदलतात, म्हणून दर दोन मिनिटांनी चित्र तपासावे. सूर्याभोवतीचा छोटा भाग पांढरा गेला तर चालतो. ढग पांढरे जाता कामा नयेत. चित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात साठवावीत.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, ऑटोवर ठेवू नये. संध्याकाळचा केशरी रंग म्हणजे काहीतरी बिघाड आहे, असे समजून कॅमेरा तो प्रामाणिकपणे काढून टाकतो. डेलाइट किंवा क्लाउडी ठेवावे.

पाण्याच्या बाबतीत शटरचा वेग म्हणजे चवीचा प्रश्न. लाट मागे जाताना अर्धा ते एक सेकंद दिला तर फेसाच्या लांब रेघा वाळूवर ओढल्या जातात आणि त्या नजरेला सूर्याकडे नेतात. तीस सेकंद दिले तर समुद्राचे धुके होते. हे धुके आजकाल फार बोकाळले आहे, आणि मला ते आवडत नाही. वेंगुर्ल्याचा समुद्र आणि एखादे तळे यांत फरकच राहत नाही. उजेड असतानाच रेघा हव्या असतील तर प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावावा लागतो. समुद्राचे क्षितिज सरळ असल्यामुळे अर्धा गडद, अर्धा पारदर्शक फिल्टर इथे डोंगरापेक्षा चांगला चालतो. आणि ते क्षितिज सरळच ठेवावे: डोंगर तिरका झाला तर खपतो, समुद्र तिरका झाला की पाणी सांडेल असे वाटते.

ट्रायपॉड ओल्या वाळूत ठेवताना त्याचे पाय आधी दाबून खोल रुतवावेत. नाहीतर प्रत्येक लाट पायाखालची वाळू थोडी-थोडी नेते आणि एका सेकंदाच्या चित्रात सारे हललेले येते. खडकावर उभे राहायचे असेल तर आधी दहा मिनिटे नुसत्या लाटा पाहाव्यात. जो खडक ओला आहे तिथे पाणी येते, मग ते या दहा मिनिटांत आले नसले तरीही. समुद्राकडे पाठ करू नये.

मोबाइलवर काम करणाऱ्यांनी पहिल्यांदा लेन्स पुसावी, कारण वाटेत खाल्लेल्या वड्याचे तेल हमखास तिच्यावर असते आणि सूर्यासमोर त्याचा मोठा धुरकट डाग पडतो. पडद्यावर उजळ आकाशावर बोट दाबून धरले की प्रकाश आणि फोकस कुलूपबंद होतात. मग बोट खाली ओढून चित्र थोडे काळोखे करावे. चिमटीने झूम करू नये. फोनला वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तर तिचेच बटण वापरावे. एचडीआर (अंधारे भाग उजळ करणारी सोय) बंद करता येत असेल तर बंद करावे, नाहीतर ज्या होडीची काळीभोर आकृती हवी असते ती राखाडी होऊन तिच्यावरचा रंगही दिसू लागतो.

सूर्य टेकताना एक गोष्ट पाहून ठेवावी: तबकडी खालून चपटी होते. क्षितिजाजवळची हवा प्रकाश वाकवते आणि खालचा भाग अधिक उचलून दाखवते. किंबहुना तबकडी पाण्याला टेकलेली दिसते तेव्हा सरळ रेषेच्या हिशेबाने सूर्य बुडालेला असतो. आपण त्याचे उचललेले चित्र टिपत असतो.

सूर्य गेला की लोक उठतात, भेळवाले आवराआवर करतात, पहिली पाच-सात मिनिटे आकाश खरोखरच मळकट दिसते. त्यानंतर उंच ढग असतील तर त्यांचा तळ गुलाबी, मग तांबडा होत जातो आणि सूर्यास्तानंतर पंधरा ते वीस मिनिटांपर्यंत हा रंग टिकतो. आपल्याकडे संधिप्रकाश फार रेंगाळत नाही, बावीस-तेवीस मिनिटांत अंधार दाट होतो. म्हणून या वेळात कॅमेरा ट्रायपॉडवरून उतरवू नये आणि आयएसओ वाढवण्याऐवजी शटर लांबवावे. बंदरातल्या होड्यांचे दिवे लागतात, दीपगृहाचा झोत फिरू लागतो. द्वितीया असेल तर कोर आता स्पष्ट होते; तिच्यासाठी शटर एका सेकंदाच्या आत ठेवावे, नाहीतर लांब लेन्समध्ये ती सरकलेली येते.

परतताना आंबोली असो की चोर्ला, रात्री धुके असते, जनावरे रस्त्यावर येतात, आणि दिवसभर उन्हात राहिलेला चालक पेंगतो. शक्यतो मुक्काम करावा. जमत नसेल तर घाटाच्या पायथ्याशी चहा घेऊन, अर्धा तास थांबून मग चढावे.

घरी पोहोचल्यावर कितीही कंटाळा आला असला तरी ट्रायपॉड त्याच रात्री न्हाणीघरात नेऊन गोड्या पाण्याने धुवावा, पायांचे सांधे उघडून त्यांतली वाळू काढावी आणि सावलीत वाळवावा. खाऱ्या पाण्याने स्क्रू दोन दिवसांत धरतात. लेन्सवर मिठाचा थर असतो, त्यावर कोरडे कापड फिरवू नये. आधी हवा फुंकणाऱ्या रबरी फुग्याने वाळूचे कण उडवावेत, मग किंचित ओलसर मायक्रोफायबरने हलक्या हाताने पुसावे. बॅग उलटी करून गच्चीवर झटकावी. किलोभर नाही तरी मूठभर वेंगुर्ला तिच्यातून नक्की निघतो.